पर्शियन मांजराची बखर आणि अस्सल कागद

#थ्रेड

१/
'शुद्ध पर्शियन पिल्ले, पंच फेस, कागदांसह किंवा कागदांविना.' या धर्तीच्या जाहिराती पुण्या-मुंबईच्या मोबाइलांवर रोज फिरत असतात. 'शुद्ध' आणि 'कागदांविना' हे दोन शब्द एकाच ओळीत सुखाने नांदतात, याचे कोणाला नवल वाटत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र ते वाटायला हवे. कागद नसताना शुद्धता ठरवली कोणी आणि कशावरून? आजचा धागा या प्रश्नाचा आहे. विषय घरगुती कॅटरीचा, म्हणजे घरीच जातिवंत मांजरांची पैदास करून पिल्ले विकण्याच्या व्यवसायाचा.

२/
१८९८ साली वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. बखरीतील गोष्ट आणि समकालीन अस्सल कागद यांची किंमत सारखी नसते, हा धडा त्यांनी मराठी वाचकाला परखडपणे दिला. मांजरांच्या बाजारालाही हाच धडा लागू पडतो, असे माझे मत आहे. जातीची रम्य कथा ही बखर. पैदास करणाऱ्याची नोंदवही हा अस्सल कागद. गिऱ्हाईक आज पैसे मोजते ते बखरीसाठी. पिल्लाचे आयुष्य मात्र नोंदवहीवर अवलंबून असते.

३/
आधी या व्यवहाराचे वय पाहू. मांजर माणसाच्या सहवासात हजारो वर्षे आहे, पण 'मांजराची जात' ही आज रूढ असलेली कल्पना जेमतेम दीडशे वर्षांची. १३ जुलै १८७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर या चित्रकाराने मांजरांचे एक मोठे प्रदर्शन भरवले. सुमारे १७० मांजरे आली आणि बघ्यांची झुंबड उडाली. आधुनिक मांजर-प्रदर्शनांची परंपरा इथूनच मोजतात. प्रत्येक प्रकारच्या मांजराचे डोके, डोळे, अंगावरचे केस, रंग, शेपूट कशी असावी आणि कशाला किती गुण द्यावेत, याची कोष्टकेही वेअरनेच तयार केली.

४/
वेअरचा हेतू साधा होता. उंदीर मारण्यापुरते घरात ठेवलेले आणि एरवी लाथाडले जाणारे मांजर लोकांनी आदराने पाहावे, ही त्याची इच्छा. १८८७ मध्ये नॅशनल कॅट क्लब स्थापन झाला. वेअर त्याचा पहिला अध्यक्ष. क्लबाने वंशनोंदीचे पुस्तक सुरू केले. पण काही वर्षांतच वेअर बाजूला झाला. सभासदांना मांजरांच्या कल्याणापेक्षा बक्षिसांची आणि आपल्या मांजरांच्या मिरवणुकीची हौस अधिक, ही त्याची तक्रार होती. ज्याने हा खेळ मांडला, तोच त्याच्या परिणामांनी व्यथित झालेला पहिला माणूस ठरला. पुढचा सगळा इतिहास या एका घटनेत बीजरूपाने आहे.

५/
आता बखरी तपासू. पहिली पर्शियनची. १६२० च्या सुमारास इराणात असलेला इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले याने खोरासानमधील लांब, रेशमी केसांच्या मांजरांचे वर्णन लिहिले आणि ती रोमला नेण्याची इच्छा व्यक्त केली. हे नाव तुम्हांला परके नसेल. पत्नी मानी हिचा मृतदेह सोबत घेऊन प्रवास करणारा, १६२३ मध्ये सुरतेहून गोव्यात आलेला आणि इक्केरीच्या दरबाराचे वर्णन करून ठेवणारा प्रवासी तो हाच. 'पर्शियन मांजर थेट इराणच्या पठारावरून आले' ही कथा मुख्यतः त्याच्या पत्राच्या आधारावर उभी आहे.

६/
पत्र अस्सल आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष कच्चा. २००८ साली जगभरच्या मांजरांच्या जनुकांची तुलना करणारा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आजच्या पर्शियन मांजरांचे नाते इराणशी जुळण्याऐवजी पश्चिम युरोपातील मांजरांशी जुळले. म्हणजे पूर्वेकडून काही लांब केसांची मांजरे आली असतील, पण इंग्लंड-अमेरिकेतील पैदास करणाऱ्यांनी स्थानिक मांजरांशी इतका संकर केला की नाव तेवढे इराणचे उरले. 'पंच फेस' तर त्याहूनही अलीकडचा. एकोणिसाव्या शतकातील चित्रांत पर्शियन मांजराला नीट नाक दिसते. ते चपटे केले विसाव्या शतकातील निवडीने.

७/
दुसरी बखर अ‍ॅबिसिनियनची, आणि तिचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. १८६८ मध्ये सम्राट थिओडोरविरुद्ध इंग्रजांनी अ‍ॅबिसिनियावर स्वारी केली. सेनापती रॉबर्ट नेपिअर हा मुंबई सैन्याचा प्रमुख. फौज, हत्ती, खेचरे असा मोठा सरंजाम हिंदुस्थानातून जहाजांनी तांबड्या समुद्रावरील झुला या ठिकाणाजवळ उतरला. मोहीम संपल्यावर एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्नीने तिकडून मांजर आणले. त्याचे नावही 'झुला'. १८७४ च्या एका पुस्तकात त्याचे चित्र छापले गेले आणि अ‍ॅबिसिनियन जातीची उत्पत्तिकथा तयार झाली.

८/
पण त्या झुलापासून आजच्या अ‍ॅबिसिनियनपर्यंत पोहोचणारी सलग वंशावळ उपलब्ध नाही. उलट जनुकीय पुरावा बंगालच्या उपसागराच्या किनाऱ्याकडे बोट दाखवतो. मोहीम हिंदुस्थानातून आफ्रिकेत, मांजर आफ्रिकेतून इंग्लंडात, आणि रक्ताचा माग पुन्हा हिंदी महासागराकडे! युद्ध खरे, सेनापती खरा, चित्रही खरे. फक्त त्यांना जोडणारी साखळी तुटकी. बखर नेमकी अशीच रचली जाते. तिच्यातील प्रत्येक तपशील खोटा नसतो, म्हणून तर ती पटते.

९/
'बॉम्बे' जातीचे काळेभोर मांजर आपल्या मुंबईचे, असे मानणारे अनेक भेटतात. ही जात घडली अमेरिकेतील केंटकी राज्यात. १९५० च्या दशकात निकी हॉर्नर या बाईंनी बर्मीज आणि काळ्या अमेरिकन शॉर्टहेअर मांजरांचा संकर सुरू केला. हिंदुस्थानातील काळ्या बिबट्याची छोटी प्रतिकृती त्यांना हवी होती, म्हणून नाव बॉम्बे. 'हिमालयन' मांजराने हिमालय पाहिलेला नाही. पर्शियन आणि सयामी यांच्या संकरातून ती जात निघाली आणि तिचे नाव तशाच रंगखुणा असलेल्या सशावरून पडले. जातीचे नाव हा भूगोलाचा पुरावा नव्हे, एवढे यातून ध्यानात ठेवावे.

१०/
मग हा सगळा व्यवहारच फसवा का? माझे उत्तर 'नाही' असे आहे, आणि त्याचे कारण नोंदवहीत आहे. हॉर्नरबाईंच्या बॉम्बे मांजराचे नाव कल्पित असले, तरी कोणत्या दोन जातींपासून ते घडवले, हे आपल्याला ठाऊक आहे. पर्शियनची बखर प्राचीन आहे आणि संदिग्ध. बॉम्बेची नोंद अर्वाचीन आहे आणि स्पष्ट. इतिहासकाराने या दोहोंत कशाला मान द्यावा, हे सांगायला नको. वंशावळीचे मोल प्राचीनतेत नसते. 'या पिल्लाच्या आईबापांची मला माहिती आहे आणि तिची जबाबदारी मी घेतो' या एका विधानात ते असते.

११/
हे विधान करणे वाटते तितके सोपे नाही. मांजराचे शरीरच नोंदवहीला चकवणारे. भाटी, म्हणजे मादी, माजावर असताना एकाहून अधिक बोक्यांशी जुगू शकते आणि एकाच वेतातील पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. समागमानंतर बीज सुटते, त्यामुळे अशा दिवसांत खिडकीची एक उघडी फट चार पिढ्यांची वंशावळ खोटी पाडायला पुरते. म्हणून घरगुती कॅटरीतील पहिली शिस्त दाराच्या कडीची. कोणती भाटी, कोणता बोका, कोणत्या तारखेला एकत्र ठेवले, हे त्याच दिवशी लिहावे लागते. त्यानंतर सुमारे नऊ आठवड्यांनी वेत होते. मागाहून आठवून लिहिलेली नोंद म्हणजे पुन्हा बखरच.

१२/
ही शिस्त प्रामुख्याने घरांतच घडली आणि ती घडवण्यात स्त्रियांचा वाटा मोठा होता. १८८४ मध्ये बँकॉकमधील ब्रिटिश कॉन्सल गूल्ड याने 'फो' आणि 'मिया' ही सयामी जोडी इंग्लंडात बहिणीला भेट दिली. लिलियन व्हेली ही ती बहीण. पुढच्याच वर्षी या जोडीची तीन पिल्ले आईबापांसह क्रिस्टल पॅलेसच्या प्रदर्शनात झळकली. लोक थक्क झाले. आणि प्रदर्शनानंतर थोड्याच काळात तिन्ही पिल्ले मेली. १९०१ मध्ये सयामी कॅट क्लब स्थापन झाला, तेव्हा संस्थापकांत व्हेलीबाई होत्या. जातीच्या इतिहासात त्या तीन पिल्लांची नावे नोंदलेली आहेत, पण मृत्यूचे कारण नोंदलेले नाही. आजच्या कॅटरीने भरून काढायची पोकळी हीच.

१३/
कारण लिहिले नाही, की काय होते? पर्शियन मांजरांतील मूत्रपिंडाचा एक आजार घ्या. दोन्ही मूत्रपिंडांत द्रवाच्या गाठी वाढत जातात आणि शेवटी ती निकामी होतात. आईबापांपैकी एकाकडून दोषी जनुक आले तरी आजार येतो. लक्षणे मात्र बहुधा मध्यम वयात, सातेक वर्षांच्या आसपास दिसतात. तोपर्यंत त्या भाटीची किंवा बोक्याची कितीतरी वेते होऊन गेलेली असतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस निरनिराळ्या देशांत तपासण्या झाल्या, तेव्हा पर्शियन मांजरांपैकी सुमारे एक-तृतीयांश बाधित आढळली. प्रत्येक पिढीत देखणे मुखडे निवडले जात होते, आणि त्यांच्या आड आजारही वारसाहक्काने पुढे जात होता.

१४/
२००४ मध्ये या आजाराचे जनुक सापडले. आता गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने घेतलेल्या नमुन्यावरून चाचणी होते. ज्या कॅटऱ्यांनी चाचणी करून बाधित मांजरांची पैदास थांबवली, त्यांच्या पुढच्या पिढ्या या आजारातून सुटल्या. जातिवंत पैदाशीच्या बाजूने मी काही बोलू शकतो, ते या उदाहरणामुळे. वंशनोंद होती म्हणून आजाराचा माग काढता आला, आणि ती वाचण्याचे धैर्य होते म्हणून तो थांबवता आला. 'कागदांविना शुद्ध पर्शियन' विकणाऱ्याकडे यांपैकी काय असते?

१५/
रक्तगटाचेही तसेच. मांजरांत 'अ' आणि 'ब' हे मुख्य रक्तगट. आई 'ब' गटाची आणि पिल्लू 'अ' गटाचे असेल, तर पहिल्या दुधातून येणारी प्रतिद्रव्ये पिल्लाच्या तांबड्या पेशी नष्ट करतात. ठणठणीत जन्मलेले पिल्लू दूध पिते आणि दोन-तीन दिवसांत दगावते. ब्रिटिश शॉर्टहेअरसारख्या जातींत 'ब' गट बराच आढळतो. जुळणीआधी दोघांचे रक्तगट तपासले तर हे टळते. न तपासणारा म्हणतो, 'पिल्लं नाजूकच असतात हो.' अज्ञानाला नशिबाचे नाव देणे, ही बखरकारांची जुनी खोड.

१६/
कधी कधी मात्र नोंदवही सांगते की थांबा. १९६१ मध्ये स्कॉटलंडच्या पर्थशायरमध्ये एका शेतावर दुमडलेल्या कानांची सुझी नावाची पांढरी मांजरी आढळली. तिच्या वंशातून 'स्कॉटिश फोल्ड' जात निघाली. कान दुमडतात ते कूर्चेतील दोषामुळे, आणि कूर्चा काही फक्त कानांत नसते. सांधे, शेपूट, पाय यांतही तोच दोष उतरतो आणि वेदना देतो. ब्रिटनमधील मुख्य नोंदणी संस्थेने १९७० च्या दशकाच्या आरंभीच या जातीची नोंदणी बंद केली. तरीही समाजमाध्यमांवरील गोंडस छायाचित्रांमुळे तिची मागणी जगभर वाढली. इथे कागद कितीही चोख असोत, पैदास करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

१७/
आणि 'शुद्धता' तरी किती शुद्ध? १९३० मध्ये ब्रह्मदेशातून सॅन फ्रान्सिस्कोला नेलेली वाँग माऊ ही अमेरिकेतील बर्मीज जातीची आद्यमाता. एकाच मांजरीपासून सुरुवात झाल्यामुळे सयामी मांजरांशी संकर अटळ होता. तो चालूच राहिला, म्हणून १९४७ मध्ये तिथल्या नोंदणी संस्थेने या जातीची मान्यता काही वर्षे स्थगित केली. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश शॉर्टहेअर इतकी कमी उरली की ती टिकवण्यासाठी पर्शियनशी संकर करावा लागला. कुंपण जितके बंद, तितके रक्ताचे नाते जवळचे आणि दोष साचण्याचा धोका मोठा. म्हणून उघडपणे लिहिलेला संकर मला लपवलेल्या 'शुद्धते'पेक्षा अधिक आदरणीय वाटतो.

१८/
आता एक रास्त आक्षेप. गल्लोगल्ली मांजरांची अनाथ पिल्ले फिरत असताना विकत घ्यायचेच कशाला? आक्षेप मला मान्य आहे. ज्याला फक्त घरात मांजर हवे आहे, त्याने गल्लीतले पिल्लू आणावे, लस द्यावी, नसबंदी करावी. त्याला बखरही नको आणि कागदही नको. पण काही लोक विकत घेणारच, आणि ते 'स्वस्तात, कागदांविना' घेतात तेव्हा कोणत्या तरी अंधाऱ्या खोलीत एखादी भाटी वेतामागून वेत देत असते. तिला वाचवण्याचा माझ्या मते परिणामकारक मार्ग म्हणजे गिऱ्हाइकाने कागद मागण्याची सवय लावून घेणे.

१९/
कायद्यावर विसंबता येईल का? अंशतः. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये स्वतंत्र नियम केले. ते मांजरांना लागू नाहीत. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ मध्ये झालेल्या नियमांनी आठ आठवड्यांहून लहान पिल्लांच्या विक्रीला मनाई केली. ब्रिटनमधील नोंदणी संस्था तर तेरा आठवड्यांपर्यंत पिल्लू आईजवळ ठेवायला सांगते. हा हट्ट उगाच नाही. साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लाला माणसाच्या स्पर्शाची आणि आवाजाची ओळख होते. भावंडांशी खेळताना ते दात आणि नखे आवरायला शिकते. पाच आठवड्यांचे पिल्लू अधिक गोंडस दिसते, म्हणून ते लवकर विकले जाते. किंमत मोजते ते पिल्लू.

२०/
म्हणून घरगुती कॅटरीत गेलात, तर इतिहासाचे विद्यार्थी म्हणून जा. साधनांची चिकित्सा करा. आई प्रत्यक्ष दिसते का? बापाचे नाव आणि नोंदणी क्रमांक आहे का? जन्मतारीख, रोजची वजने, लशींच्या तारखा लिहिलेल्या आहेत का? जनुकीय चाचणीचा निकाल ज्या मांजराचा म्हणून दाखवतात, त्याच्या कातडीखालील मायक्रोचिपचा क्रमांक निकालावरील क्रमांकाशी जुळतो का? न जुळणारा कागद म्हणजे मोर्तब नसलेली सनद. या भाटीची आजवर किती वेते झाली, आणि किती पिल्ले दगावली? हा शेवटचा प्रश्न जरूर विचारा. जो न चिडता वही उघडतो, त्याच्यावर विश्वास ठेवायला जागा आहे.

२१/
आणि पैदास करणाऱ्या मित्रमैत्रिणींना एक विनंती. चाचण्या, लशी, चांगले खाणे, अडलेल्या वेताची शस्त्रक्रिया, न विकलेल्या पिल्लांचा सांभाळ, हा सगळा हिशेब केला तर प्रामाणिक कॅटरीत फार काही उरत नाही, हे उघड आहे. ज्यांना उरते, त्यांनी बहुधा यांपैकी काहीतरी गाळलेले असते. तेव्हा आपल्या पिल्लाची किंमत सांगताना इराणच्या शहाची गोष्ट सांगू नका. चाचणीचा कागद समोर ठेवा. मेलेल्या पिल्लांचीही नोंद करा, कारणासह. आज ती नोंद लाजिरवाणी वाटेल, पण पुढच्या पिढ्यांना तिचाच उपयोग आहे.

२२/
हॅरिसन वेअरला मांजरासाठी आदर हवा होता. त्याचा खेळ पुढे बक्षिसांनी आणि बाजाराने आपल्या हाती घेतला. तो आदर परत आणायचा तर एक साधी कसोटी पुरे आहे: जातीचे नाव झाकून ठेवले, तर या पिल्लाबद्दल विकणाऱ्याला काय सांगता येते? आईबाप, आरोग्य, संगोपन यांविषयी तो बोलू लागला, तर व्यवहार पुढे न्या. नाव झाकताच तो गप्प झाला, तर तुमच्यासमोर केवळ बखर आहे. बखर वाचायला छान असते. तिच्या भरवशावर एका जिवाची पंधरा वर्षे खरेदी करू नयेत.

धागा समाप्त. पुढच्या धाग्यात कोणत्या प्राण्याची 'बखर' तपासावी, ते खाली कळवा. कारवानी कुत्रा की भीमथडीचे तट्टू?